चिकूला शेतावर पाठवण्याआधी गवत उचलून बघा

सांगलीत विश्रामबाग भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. घरात पती, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, चिकू. गल्लीत भटकी कुत्री वाढली, चिकूला बाहेर नेणं जिकिरीचं झालं, म्हणून गेल्या दिवाळीत त्यांनी बंगल्याच्या अख्ख्या गच्चीवर कृत्रिम गवत अंथरून घेतलं. ‘पाणी मारायचं फक्त, बाकी काही बघावं लागत नाही,’ असं दुकानात सांगितलं होतं. थंडीत सगळं छान चाललं. होळी झाली आणि वास सुटायला लागला. आता दोन्ही वेळा फिनेल टाकून गच्ची धुतात, तरी दुपारी जिन्याचं दार उघडलं की भपकारा येतो. शेजारचे काका दोनदा बोलून गेले. चिकू गवतावर पाय ठेवायला तयार नाही, जिन्यातच करतो. सासूबाईंना यंदा पापड-कुरडयांना जागा उरलेली नाही, आणि त्या म्हणतात, तासगावला दिरांच्या द्राक्षबागेवर नेऊन ठेवा त्याला. ताई विचारतात : फिनेलपेक्षा जालीम असं काही मिळतं का? गवत काढून टाकावं का? की चिकूला खरंच शेतावर पाठवावं?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात गडबडीने काही व्हायला नको. चिकूला द्राक्षबागेवर पाठवू नका. दिरांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही. एखाद्याला काहीच होत नाही, एखादा थोड्याशा मण्यांनीही दगावतो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याच्या मुळाशी असावं असं पशुवैद्यक आता मानतात. वेलीखाली गळालेले मणी, शेडभोवती सांडलेला बेदाणा आणि दिसेल ते तोंडात घालणारा लॅब्रॅडॉर, हे एकत्र नकोच. वरचेवर होणारी फवारणी आणखी वेगळी. ज्यांच्या बागेत राखणीला कुत्रं आहे त्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं : त्याने द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेले दिसले तर उलट्या सुरू व्हायची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं.

आता वासाचं बघू. वास जात नाही म्हणजे औषध कमी पडतंय, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी गच्चीवर जा, चिकू नेहमी जिथे शू करायचा तो कोपरा शोधा आणि तिथलं गवत कडेने धरून उलटं करा. पाठीमागे काळा, रबरासारखा थर दिसेल आणि त्याला ठरावीक अंतरावर पाणी जाण्यासाठी भोकं. ती बरीचशी बुजलेली असतील. लॅब्रॅडॉरचे केस, गवतात भरलेली बारीक वाळू आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार यांचा मिळून तिथे बूच बसतो. खालची फरशी ओलसर असेल, तिच्यावर पिवळट तपकिरी चिकटा असेल आणि वाकून बघितलंत तर डोळे चुरचुरतील. तुमचा सगळा वास तिथे आहे. वरच्या हिरव्या पात्यांत तो फार थोडा असतो.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि ऊन जितकं कडक तितकं हे काम भराभर चालतं. म्हणून डिसेंबरात तुम्हाला काही जाणवलं नाही. लघवी तेव्हाही खाली साचतच होती. खऱ्या हिरवळीखाली माती असते. ती लघवी शोषून घेते, मातीतले जिवाणू आणि मुळं तिचा फडशा पाडतात. प्लॅस्टिकचं गवत यातलं काहीच करत नाही. जमिनीवर ते अंथरतात तेव्हा खाली खडीचा थर घालतात, म्हणजे पाणी झिरपून जातं. तुमच्याकडे खाली सरळ स्लॅब आहे. वरून फिनेल ओतणं म्हणजे भिजलेल्या गादीवर रोज धुतलेली चादर घालण्यासारखं आहे.

आणि फिनेल तर आजपासून बंदच करा. चिकू त्यावरून चालतो आणि मग पंजे चाटतो. काळ्या फिनेलमधली फिनॉलजातीची द्रव्यं कुत्र्याच्या पोटात जाणं वाईट, आणि पांढरं फिनेलही काही पिण्याजोगं नाही. लाळ गळणं, उलट्या, तोंडात किंवा पंजांच्या बोटांमध्ये लाली असं काही दिसत असेल तर डॉक्टरांना फिनेलचं आवर्जून सांगा. अँटिसेप्टिकच्या बाटल्या, संडास साफ करायचं ॲसिड, हेही नको. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे ब्लीचिंग पावडर. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि ॲसिड किंवा व्हिनेगरशी झाला की क्लोरीन. ‘जालीम’ शोधता शोधता लोक नेमके इथे पोचतात, म्हणून एवढं ठासून सांगते आहे.

साफसफाईला एक अख्खा दिवस द्या. उन्हं चढायच्या आत सुरू करा, घरातली माणसं मदतीला घ्या, कारण ओलं गवत भलतंच जड होतं. तुमचं गवत कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवलं आहे असं तुम्ही लिहिलंय, ते बरं झालं. पूर्ण चिकटवलेलं असतं तर काढताना फाटलं असतं. आधी वाळलेली शी, पानं, केस उचलून घ्या. मग गवताचे पट्टे सुटे करून कठड्यावर उलटे टाका आणि झटका, म्हणजे वाळू पडेल. ती वाळू परत वापरू नका, लघवी सगळ्यात जास्त तिनेच धरून ठेवलेली असते. ती गोळा करून बाहेर काढा, पाण्याबरोबर पाइपात सोडू नका, नाहीतर आउटलेट तुंबेल. फरशीवर साधा पातळ साबण टाका, खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. धुताना पाणी कुठे थांबतं ते नीट बघा. जिथे डबकं राहतं तिथे उतार कमी आहे. तेवढ्या जागेवर गवत पुन्हा घालायचंच नाही, आणि पावसाळ्याआधी गवंड्याकडून तो उतार काढून घ्यायचा. तिथलं पाणी मुरत राहिलं तर खालच्या खोलीच्या छतालाही ओल येईल.

गवत दोन्ही बाजूंनी धुवा. पाठीची भोकं जाडसर दाभणाने मोकळी करा. पात्यांना नायलॉनचा कडक ब्रश चालतो, तारेचा नको. गाड्या धुवायचं प्रेशरचं मशीन असेल तर नळी लांब धरा, जवळून मारलं तर पाती उपटतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून गवतावर शिंपडलं, पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुतलं, तर उरलेला अमोनिया बराचसा निघून जातो. हे गवत फरशीवरून उचललेलं असतानाच करा, कारण शहाबादी, कोटा, मोझॅक यांना आंबट काहीही चालत नाही, चकाकी जाऊन चट्टे पडतात. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळायची एक कृती फिरत असते. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांचा परिणाम मारून टाकतात.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, त्यावर खर्च करायला माझी हरकत नाही. ते लघवी-शीचे सेंद्रिय अंश मोडून काढतं. पण ते फिनेल पूर्ण धुऊन निघाल्यावरच वापरा. यातल्या बऱ्याच बाटल्यांत उपकारक जिवाणूच असतात, आणि फिनेल त्यांनाही मारतं. शिवाय ते टाकून लगेच पुसून घ्यायचं नसतं. बाटलीवर लिहिलेला वेळ जागा ओली राहू द्यावी लागते, म्हणून भर दुपारी न टाकता संध्याकाळी टाका. शेवटचं पाणी बोअरचं न घेता नळाचं घ्या, म्हणजे क्षार बसणार नाही.

मग गवत पाठ वर करून उन्हात पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे हाताला थंडपणा लागता कामा नये.

आता माझं खरं म्हणणं. वाळलेलं गवत परत गच्चीभर अंथरू नका. कुत्र्याला शू-शी करायला अख्खी गच्ची लागत नाही, एका खाटेएवढी जागा पुरते. पाण्याच्या आउटलेटच्या जवळ, उताराच्या बाजूला तेवढी जागा ठरवा. गच्चीवर बाग करणारे कुंड्यांखाली प्लॅस्टिकचे जाळीदार ड्रेन सेल घालतात, ते नर्सरीत किंवा बागेचं सामान मिळतं तिथे मिळतील. ते खाली मांडा आणि त्यावर गवताचा तुकडा ठेवा. त्यामुळे गवत फरशीपासून दोन-तीन बोटं वर राहतं, लघवी खाली पडते, पाण्याबरोबर वाहून जाते आणि खालून वारा लागतो. असे दोन तुकडे कापून ठेवा, एक वापरात आणि एक वाळत. गवत नेहमी पाठीकडून कटरने कापायचं, म्हणजे पाती तुटत नाहीत. वाळू भरू नका. झिओलाइट नावाचे खनिजाचे दाणे अमोनिया धरून ठेवतात आणि काही जण वाळूऐवजी ते वापरतात. पण खालून पाणी वाहून जात नसेल तर तेही थोड्या दिवसांत भरून जातात आणि वास परत येतो. तुकडा छोटा असेल तर त्यांची गरजच पडत नाही.

रोजचं काम मग फार उरत नाही. शू झाली की त्यावर लगेच पाणी. तांब्याभराने भागत नाही, अर्धी बादली तरी हवी, कारण पातळ होऊन वाहून जाणं हाच सगळा उपाय आहे. शी उचलून संडासात टाकावी. पातळ झाली असेल तर आधी जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्या, पाणी मारलंत तर ती पात्यांच्या बुडाशी जाऊन बसते. आठवड्यातून एकदा तुकडा बदला, ब्रश पात्यांच्या उलट दिशेने फिरवा म्हणजे केस निघतात आणि झोपलेली पाती उभी राहतात. एक विनंती, वास कमी व्हावा म्हणून चिकूचं पाणी तोडू नका. असं करणारी घरं आहेत. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, वास वाढतो आणि मूत्रमार्गाचे त्रास मागे लागतात.

शेजारच्या काकांकडे वळते. गच्चीचं पाणी ज्या पाइपातून खाली जातं त्याचा माग काढत खाली या. आपल्याकडच्या बंगल्यांत पावसाच्या पाण्याचा पाइप पुष्कळदा दोन घरांमधल्या बोळात उघडाच सोडलेला असतो. तसं असेल तर तुम्ही दोन्ही वेळा धुतलेली सगळी लघवी काकांच्या खिडकीखाली जाऊन पडते आहे, आणि तुम्ही जितकं जास्त धुवाल तितका त्यांना जास्त त्रास. प्लंबर बोलावून तो पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडून घ्या. पावसाचं पाणी बोअरमध्ये किंवा टाकीत सोडलं असेल तर तो जोड आधी तोडा. काम झालं की काकांना स्वतः जाऊन सांगा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, पण खालच्या मजल्यावर वास जाऊ न देणं ही आपलीच जबाबदारी राहते.

चिकू हट्टीपणा करतो आहे असं पत्रात दोनदा आलं आहे. त्याच्या बाजूने विचार करून बघा. त्याचं नाक आपल्यापेक्षा किती तरी तीक्ष्ण, आणि त्याच्या नेहमीच्या जागेवर फिनेल. वर ऊन. कृत्रिम गवत उन्हात 60 अंशांच्या वर तापू शकतं. खरी हिरवळ पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवते, प्लॅस्टिकच्या गवताला ती सोय नाही. दुपारी दोन वाजता आपल्या हाताची पालथी बाजू सात सेकंद त्या गवतावर टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याचे तळवेही भाजणार. पाणी मारून ते थोडा वेळच गार होतं. त्या खाटेएवढ्या जागेवर बेदाण्याच्या शेडला लावतात तसं हिरवं शेडनेट बांधून घ्या, आणि तरीही मार्च ते मे त्याला तिथे सकाळी आठच्या आत आणि ऊन उतरल्यावरच न्या. मधल्या वेळेची एखादी फेरी अंगणात, सावलीत.

जिना एन्झाइमच्या क्लीनरने धुवा, तिथेही फिनेल नाही. चिकूला पट्टा लावून ठरलेल्या वेळी नव्या जागेवर न्या : झोपून उठल्यावर, जेवणानंतर, रात्री निजायच्या आधी. पहिले काही दिवस त्याच्या शूने भिजलेला कागदाचा तुकडा तिथे ठेवा, म्हणजे जागा त्याला कळेल. तिथे केलं की लगेच शाबासकी आणि खाऊ. जिन्यात केलं तर रागावू नका, नाक घासायला तर मुळीच नेऊ नका, त्यातून तो फक्त लपून करायला शिकेल.

सासूबाईंविषयी थोडं भीतभीतच लिहिते. त्यांना कुत्रा नको आहे असा अर्थ तुम्ही काढला आहे. मला पत्रातली पापड-कुरडयांची ओळ जास्त महत्त्वाची वाटली. वर्षानुवर्षं चैत्र-वैशाखात ती गच्ची त्यांची होती. साड्या अंथरायच्या, बाजा टाकायच्या, कावळ्यांवर लक्ष ठेवायचं. दिवाळीत गवत टाकताना त्यांना कुणी विचारलं होतं का? नसेल, तर त्यांचा राग चिकूवर निघतोय, पण तो चिकूचा नसावा. गवत आवरलं की पाऊण गच्ची मोकळी होईल. ती धुऊन, वाळवून त्यांच्या ताब्यात द्या, मध्ये चिकू ओलांडणार नाही एवढ्या उंचीची जाळी लावा आणि यंदाचा सांडग्यांचा घाणा त्यांना तिथेच घालू द्या. पुन्हा त्या शेतावर पाठवायचं म्हणाल्या तर द्राक्षाचं त्यांना जरूर सांगा. बहुतेकांना ते माहीत नसतं.

पावसाळ्यात हे गवत वेगळं छळतं. खाली शेवाळ धरतं, कडांच्या फटीत गोचिडं अंडी घालतात आणि गोचीडताप सुरू होतो. उघडीप मिळाली की तुकडा उभा करून वाळवा, भिंतीच्या कडा आणि फटी बघत राहा, आणि गोचिडांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर द्या. घरात मुलं असतील तिथे दर तीन महिन्यांनी जंताचं औषधही चुकवू नका, कारण गोल जंतांची अंडी बराच काळ तग धरून राहतात आणि हातावाटे मुलांच्या पोटात जाऊ शकतात. नदीकाठच्या भागात ज्यांनी अंगणात असं गवत टाकलं आहे त्यांना सांगते, 2019 किंवा 2021सारखा पूर आला आणि गवत पुराच्या पाण्यात बुडालं, तर ते धुऊन परत वापरू नका, टाकून द्या. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसांना आणि कुत्र्यांना दोघांनाही होतो. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. दिवाळीत तर तुकडा गुंडाळूनच ठेवा, एक फुलबाजी किंवा कलंडलेली पणती त्याला पुरे.

आता ज्या कारणाने हे गवत आलं, त्या फिरण्याबद्दल. गच्चीवरच्या गवताने चिकूची शू-शीची सोय होते, फिरण्याची होत नाही. चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला रोज पाय मोकळे करायला हवेत, आणि त्याहून जास्त, रस्त्याकडेचे वास घेत हिंडायला हवं. ते बंद झाल्यावर असे कुत्रे जाड होतात, चिडचिडे होतात, घरात नको ते उद्योग करतात. भटकी कुत्री आपापल्या गल्लीच्या हद्दीत आक्रमक असतात, म्हणून गल्ली ओलांडेपर्यंत त्याला गाडीत घ्या आणि पुढे मोकळ्या रस्त्यावर चालवा. भल्या पहाटे, शक्यतो तुमचे यजमान बरोबर, हातात काठी, पट्टा आखूड. रोज जमणार नाही हे मला समजतं. जितके दिवस जमेल तितके दिवस न्या. आणि तुमच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी महापालिकेकडे गल्लीतल्या चार घरांच्या सह्यांचा अर्ज द्या.

फिनेल बंद होऊन, सावली करून, नवी जागा दाखवूनही दोन आठवड्यांत चिकू जिन्यात करायचा थांबला नाही, तर शिकवण्याचा प्रयत्न तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. थोडी थोडी, सारखी सारखी शू होणं, जोर करावा लागणं, रंग लालसर दिसणं, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आणि खूप वेळ प्रयत्न करूनही थेंबही होत नसेल तर त्याच तासाला निघा, नर कुत्र्यात मूत्रमार्ग अडकणं जिवावर बेततं. एरवी डॉक्टरांकडे जाताना सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरून लगोलग सोबत न्या, तपासणीला तीच लागते.